आयव्हीएफनंतर (शरीराबाहेर फलन करून भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर) गर्भाशयात गर्भ दिसला, तरी गर्भनळीतही दुसरा गर्भ असू शकतो का? असल्यास उपचार काय?

होय, असू शकतो. याला हेटेरोटोपिक गर्भधारणा म्हणतात. नैसर्गिकरीत्या ती सुमारे ३०,००० गर्भधारणांत एखादी आढळते असे मानतात, मात्र आयव्हीएफमध्ये एकाहून अधिक भ्रूण सोडले असल्यास किंवा नळ्या आधीच खराब असल्यास शक्यता बरीच वाढते. गर्भाशयातील ठोके दिसले की सगळे निर्धास्त होतात आणि बीटा-एचसीजी हे रक्तात तपासले जाणारे गर्भधारणेचे संप्रेरकही त्या गर्भामुळे नेहमीसारखे वाढत राहते, म्हणून निदान निसटते. त्यामुळे योनीमार्गे सोनोग्राफी करताना दोन्ही बाजूंच्या नळ्यांचा भाग आवर्जून पाहायला हवा. आयव्हीएफसाठी अंडी वाढवायला दिलेल्या उत्तेजक इंजेक्शनांनी फुगलेले अंडाशय आणि पोटात साठलेले पाणी यांमुळे तेथे फसगतही होते. उपचार म्हणजे बहुधा दुर्बिणीतून ती नळी काढणे, आणि त्यानंतर गर्भाशयातील गर्भ पुष्कळदा सुखरूप वाढतो. तो गर्भ वाढवायचा असल्यास मेथोट्रेक्सेट (गर्भाची वाढ थांबवणारे औषध) देत नाहीत, कारण ते त्यालाही घातक असते. गर्भाशयमुखात किंवा सिझेरियनच्या व्रणात रुजलेल्या गर्भासाठी निर्णय वेगळा असू शकतो. मात्र एका बाजूला तीव्र कळ, खांदा दुखणे किंवा भोवळ असे काही जाणवल्यास पुढच्या सोनोग्राफीच्या तारखेची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे.