एकाच फोटोतून लाल-निळ्या चष्म्याचा थ्रीडी: आधी जमीन, मग माणूस

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जेजुरी गडाच्या पायऱ्यांवर तुमचे काका भंडारा उधळताहेत, मागे दीपमाळ आणि कमान, एका पायरीवर लाल साडीतल्या काकू, वर आकाश. फोटो एकच आहे. तो लाल-निळा चष्मा लावून बघता येईल असा करायचाय आणि १२ बाय १८ इंची प्रिंट काढायचीय. मोबाइलच्या ॲपने करून पाहिलं, तर काका पुठ्ठ्याचे दिसतात, खांद्याजवळ मागचा दगड ताणल्यासारखा होतो आणि भंडाऱ्याचा पार चिखल होतो.

फोटो या कामाला उत्तम आहे. कोणतं सॉफ्टवेअर, हा प्रश्न मात्र दुय्यम आहे. मी गिंप धरून सांगतो, कारण ते फुकट आहे. फोटोशॉपमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन. जुन्या व्हिडिओंमध्ये फोटोशॉपचा 'थ्रीडी' मेनू दाखवतात, तो शोधत बसू नका. ॲडोबीने २०२१ च्या २२.५ आवृत्तीपासून ती सोय मोडीत काढायला घेतली.

आता पुठ्ठा का होतो ते बघू. बहुतेक जण माणूस कापतात, वेगळ्या लेयरवर (चित्राच्या वेगळ्या थरावर) ठेवतात आणि तो लेयर डावी-उजवीकडे सरकवतात. मग काका पुढे येतात, पण चौकातल्या फ्लेक्सवर कापून चिकटवलेल्या नेत्यासारखे येतात, कारण त्यांच्या पायाखालची पायरी मागेच राहिलेली असते. खोली दिसते ती जमिनीमुळे. फोटोच्या खालच्या कडेपासून वरच्या कमानीपर्यंत पायऱ्या सलग मागे जायला हव्यात आणि काकांचे पाय ज्या पायरीवर आहेत तिच्याइतकेच लांब असायला हवेत. हे जमलं तर बाकी थोडं कमीजास्त झालेलं चालतं. हे नाही जमलं, तर कितीही सफाईने कापा, उपयोग नाही.

म्हणून सुरुवात डेप्थ मॅपपासून करा. फोटोच्या मापाचाच एक करडा लेयर घ्यायचा. जे लांब ते काळसर, जे जवळ ते पांढरट. ० ते २५५ मधला १२८ हा करडा म्हणजे फोटोची चौकट समजा. त्याच्याखालचं सगळं चौकटीच्या आत, खिडकीतून दिसावं तसं. त्याच्यावरचं सगळं चौकटीतून बाहेर. तुमच्या फोटोसाठी मी असं धरेन: खालच्या कडेची पायरी १२५, काकांच्या पायाजवळ ११५, तिथून ग्रेडियंटने (हळूहळू बदलत जाणाऱ्या करड्याने) कमानीच्या पायथ्यापर्यंत ५०, आकाश १०. पायऱ्यांना नुसता ग्रेडियंट पुरतो. प्रत्येक पायरीचा उभा भाग सपाट करड्याने भरलात तर आणखी छान, पण ते हौसेचं काम.

दीपमाळ गोल आहे, तेव्हा तिला मधे थोडा उजळ आणि दोन्ही बाजूंना थोडा गडद करडा द्या. फरक पाच-सहा पातळ्यांचाच, नाहीतर ती फुगा होते. दिवे ठेवायचे दगडी हात जे आपल्याकडे आलेत ते अजून दोन पातळ्या उजळ. खरं सांगायचं तर हे इवलंसं काम सगळ्यात जास्त फळ देतं. लोक चष्मा लावून आधी माणूस बघतात, पण रेंगाळतात दीपमाळेवर.

काकांच्या आकृतीला पायाशी ११५ द्या, छाती-पोटाशी मऊ ब्रशने ११९-१२०, पुढे आलेला हात खांद्यापासून तळव्यापर्यंत हळूहळू १२८. चेहऱ्याला फार खेळू नका. नाकाला वेगळी खोली द्यायला गेलं की चेहरा ओळखीचा राहत नाही, आणि घरच्या माणसांना ते लगेच कळतं.

हे सगळं हाताने करायचा कंटाळा असेल तर मिडास किंवा डेप्थ एनिथिंग या फोटोवरून खोली ओळखणाऱ्या एआय मॉडेलांकडून कच्चा डेप्थ मॅप काढून घ्या. आता ती बरीच शहाणी झाली आहेत. पण तो मॅप जसाच्या तसा वापरू नका. झेंड्याची काठी, कमानीतून दिसणारं आकाश आणि उडालेला भंडारा ही हमखास घोटाळ्याची ठिकाणं. शिवाय मॅप पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत ताणलेला येतो. लेव्हल्समध्ये (काळ्या-पांढऱ्याच्या हद्दी बदलायची सोय) जाऊन तो वर सांगितलेल्या आकड्यांत बसवा.

पुढची अडचण कडा फाटण्याची. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, म्हणून डाव्या डोळ्याला काकांच्या डाव्या खांद्यामागची जी चिंचोळी पट्टी दिसते ती उजव्याला दिसत नाही, आणि उलट. (डावा-उजवा आपल्या बाजूने.) ही पट्टी तुमच्या फोटोत नाहीच. ॲप तिथे शेजारचा दगड ताणून बसवतं. ती आपल्याला रंगवावी लागते. त्यासाठी काकांना वेगळ्या लेयरवर घ्या आणि खालच्या लेयरवर त्यांच्या बाह्यरेषेच्या आतली पट्टी क्लोन आणि हील या शेजारचा भाग उचलून रंगवणाऱ्या ब्रशांनी भरा. अख्खे काका पुसून मागचा गड उभा करायची गरज नाही. तीन हजार पिक्सेल रुंद फोटोत वीस-पंचवीस पिक्सेलची पट्टी पुरते, बाकीचं काकांच्या मागेच झाकलेलं राहणार. फोटोशॉपवाल्यांना कंटेंट-अवेअर फिल आहे, गिंपवाल्यांना रीसिंथेसायझर हे प्लगइन. दगडी पायऱ्यांवर दोन्ही बरी चालतात. कमानीच्या नक्षीवर हातानेच करा.

आता भंडारा. त्याला लासोने, म्हणजे कडेने रेघ ओढून, कापायला जाऊ नका. धूळ कापता येत नाही. चॅनेलमध्ये शिरा. गिंपमध्ये कलर्स, मग कंपोनंट्स, मग डीकंपोझ, आणि आरजीबी निवडा. लाल, हिरवा, निळा असे तीन करडे लेयर मिळतील. निळ्या चॅनेलमध्ये आकाश उजळ आणि हळद जवळजवळ काळी दिसेल, कारण पिवळ्यात निळा नसतोच. तो लेयर इनव्हर्ट करा, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, लेव्हल्सने आकाश पूर्ण काळं होईपर्यंत ओढा. आकाशावरच्या भंडाऱ्याचा कणन्‌कण असलेला मास्क तयार, म्हणजे जिथे पांढरं तिथेच लेयर दिसेल असा साचा. दीपमाळेवर आलेला भंडारा यात नीट सुटत नाही, कारण दगडही निळ्या चॅनेलमध्ये गडदच असतो. तिथे लाल लेयरवर निळा लेयर सबट्रॅक्ट मोडमध्ये ठेवा. करड्या दगडात लाल आणि निळा जवळपास सारखे, म्हणून तो वजा होऊन जातो, हळद उरते. काकांची त्वचा आणि काकूंची साडीही थोडी उरेल, ती काळ्या ब्रशने पुसा.

मास्क मिळाला की मूळ भंडारा उचलून आणू नका. त्याच्या विरळ भागात आकाशाचा निळा मिसळलेला असतो आणि सरकवला की कडेला घाणेरडी हिरवट झाक येते. त्याऐवजी नवा लेयर घेऊन त्यात फोटोतूनच उचललेल्या दोन-तीन पिवळ्या छटा मोठ्या ब्रशने भरा आणि त्यावर हा मास्क लावा. खाली आकाश क्लोन करून स्वच्छ करा. पिवळा लेयर दोन-तीन वेळा डुप्लिकेट करून प्रत्येकाचा वेगवेगळा भाग ठेवा: तळव्याजवळचा लोट १४० वर, मधला १७० वर, लेन्सजवळ आलेले मोठे धूसर ठिपके २२० वर. चौकटीच्या बाहेर फक्त भंडारा येऊ द्या. काका बाहेर नकोत, कारण ते ज्या पायऱ्यांवर उभे आहेत त्या खालच्या कडेला कापल्या गेल्यात. चौकटीला चिकटलेली वस्तू चौकटीच्या पुढे आली की डोळ्यांना पटत नाही आणि डोकं दुखतं. भंडारा कुठल्याच कडेला टेकत नाही, त्याला मोकळीक आहे.

सरकवायचं काम फिल्टर्स, मॅप, डिस्प्लेस इथे होतं. डेप्थ मॅप निवडा, एक्सच्या खान्यात १८, वायमध्ये शून्य. १० ते २२० या करड्यांत मग दोन्ही चित्रांत मिळून ६० पिक्सेलच्या आसपास फरक पडतो. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंतला फरक फोटोच्या रुंदीच्या तिसाव्या भागापुढे जाऊ नये, असा स्टिरिओ फोटो काढणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. तीन हजारांत तो १०० येतो. बनवलेल्या थ्रीडीत तितकं जाऊच नये. एका चित्राला अधिक १८, दुसऱ्याला उणे १८. प्रत्येक लेयरला स्वतःचा मॅप द्या: मागच्या दृश्याला काका नसलेला, काकांना काकांचा. त्यांचा मॅप बाह्यरेषेच्या थोडा बाहेरपर्यंत पसरवा, म्हणजे कड वेडीवाकडी होणार नाही. फोटोशॉपमध्ये मॅप वेगळी पीएसडी फाइल म्हणून द्यावा लागतो आणि प्रमाण पिक्सेलऐवजी टक्क्यांत असतं, पण १२८ म्हणजे जागचं न हलणारं हे तिथेही तसंच.

डावं चित्र कुठलं, उजवं कुठलं? दोन्ही एकावर एक ठेवून वरच्या लेयरशेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबून तो लेयर दाखवा-लपवा. ज्यात भंडारा मागच्या गडाच्या तुलनेत उजवीकडे आहे ते डाव्या डोळ्याचं. उलटं जोडलंत तर गड पुढे आणि भंडारा मागे जातो, आणि बघणारा नुसताच गोंधळतो.

जोडणी सोपी. डाव्या चित्रावर शुद्ध लाल लेयर मल्टिप्लाय करून मर्ज करा. उजव्यावर निळसर हिरवा, म्हणजे हिरवा आणि निळा दोन्ही २५५, तसाच मर्ज करा; चष्म्याची 'निळी' काच याच रंगाची धरली आहे. मग वरच्या चित्राचा मोड ॲडिशन. फोटोशॉपमध्ये लेयर स्टाइलच्या ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये डाव्या चित्राला फक्त आर (लाल) ठेवला की झालं. चष्म्याची लाल काच डाव्या डोळ्यावर.

इथे काकूंची साडी त्रास देणार. लाल रंग डाव्या काचेतून लख्ख दिसतो आणि उजव्यातून काळा, त्यामुळे साडी चकाकत, थरथरत राहते. उपाय दोन. जोडण्याआधी डावं चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून घ्या. रंग थोडे फिके होतात पण थरथर बरीच कमी होते. किंवा फक्त लालांचं सॅच्युरेशन उतरवून साडी विटकरीकडे न्या. मी आधी दुसरं करून बघेन, कारण पहिल्यात भंडाऱ्याचा पिवळाही उतरतो. हळदीला मुळात काही करावं लागत नाही: पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर, तो दोन्ही काचांतून दिसतो. लाल-निळ्या चष्म्यासाठी याहून सोयीचा रंग मिळणं कठीण. हे सगळं रंगांचं गणित तयार हवं असेल तर स्टिरिओफोटो मेकर हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याला डावं-उजवं चित्र द्या आणि त्यातली दुबुआ ही रंग जुळवायची पद्धत निवडा.

एक्सपोर्ट करताना बरेच जण घसरतात. नेहमीचा जेपेग रंगांची माहिती निम्म्या बारकाईने साठवतो, आणि इथे तर सगळी खोलीच रंगात लपलेली. कडेला भुतं, म्हणजे दुहेरी छाया, दिसायला लागतात. पीएनजी करा, किंवा जेपेगच्या प्रगत पर्यायांत सबसॅम्पलिंग ४:४:४ ठेवा, म्हणजे रंग पूर्ण बारकाईने राहतील. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लॅबवाल्याला 'कलर करेक्शन करू नका' असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो बिचारा चांगल्या मनाने लाल कमी करून देईल. आधी भंडारा आणि साडी दोन्ही येतील असा एक छोटा तुकडा छापून, प्रत्यक्ष वापरणार तोच चष्मा लावून बघा. पडद्यावर न दिसलेलं भूत कागदावर दिसू शकतं, कारण शाईचे रंग आणि काचेचे रंग तंतोतंत जुळत नाहीत. फार दिसलं तर एक्स १८ वरून १२-१३ वर आणा. ग्लॉसीपेक्षा मॅट कागद बरा, उजेडाची चमक दोन्ही डोळ्यांना वेगळी दिसते.

वर एका सदस्याने लिहिलंय की एका फोटोतून केलेला थ्रीडी खोटा, खरा तो दोन फोटोंचा. अर्धं बरोबर आहे. स्थिर दृश्य असेल तर एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकून दोन फोटो काढावेत, त्याची सर कशालाच नाही. पण उडता भंडारा दुसऱ्या फोटोपर्यंत थांबत नाही, आणि दोन कॅमेरे एकत्र बांधून जेजुरीला कोण जातं? शिवाय व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये दोन डोळ्यांच्या खोलीचं तत्त्व लोकांपुढे मांडलं ते हाताने काढलेल्या रेखाचित्रांनी. फोटोग्राफी जाहीर झाली त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा हाताने घडवलेली खोली हीच या धंद्यातली थोरली.

पुढच्या वेळी गडावर गेलात तर तेवढ्याच जागेवरून रिकाम्या पायऱ्यांचे दोन फोटो मात्र घेऊन या, सहा-सात सेंटिमीटर सरकून. मागचा गड खऱ्या जोडीतून घ्यायचा आणि त्यावर फक्त काका आणि भंडारा बसवायचे. क्लोनचं निम्मं काम वाचेल. उजेड त्याच वेळेचा हवा, म्हणजे दीपमाळेची सावली त्याच बाजूला पडेल.

ज्यांना एका डोळ्याने कमी दिसतं त्यांना चष्म्याचा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी हीच डावी-उजवी चित्रं आलटून पालटून दाखवणारी जिफ करा, दर चित्राला सेकंदाचा दहावा भाग.

साडी सोडवताना अडलात तर लाल आणि निळ्या चॅनेलचे तेवढेच तुकडे इथे टाका, पूर्ण फोटो नको. लेव्हल्सचे आकडे सांगतो.