जिवाणूंच्या 'निरोपां'मुळे झाडाच्या मुळांची वाढ खरंच बदलते का?

हो, बदलते. आपली गर्दी किती झाली हे एकमेकांना कळवायला जिवाणू छोटे रेणू सोडतात. त्यांतला एक मोठा गट म्हणजे एएचएल (अ‍ॅसिल-होमोसेरिन लॅक्टोन). ही कुजबुज मुळांनाही ऐकू जाते म्हणा ना!

गंमत आहे ती रेणूच्या शेपटीत, म्हणजे त्याला जोडलेल्या कार्बनच्या साखळीत. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या रोपांना सहा कार्बनची शेपटी असलेला एएचएल दिला तर मुख्य मूळ लांबतं. दहा कार्बनचा दिला तर तेच मूळ खुंटतं, बाजूने उपमुळं फुटतात आणि मूलरोम वाढतात. फरक फक्त चार कार्बनचा! अर्थात मात्राही बघावी लागते.

अ‍ॅझोस्पिरिलमसारखे जिवाणू तर थेट ऑक्झिन हे वनस्पती-संप्रेरकच बनवतात. ते जास्त झालं की मुख्य मूळ आखूड राहतं, त्यामुळे 'जिवाणू दुप्पट तर मुळं दुप्पट' हा हिशेब चालत नाही.