एका मुंगीशास्त्रज्ञाची कारकीर्द

प्रश्न : एडवर्ड ओ. विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने जवळजवळ सारे आयुष्य मुंग्यांच्या अभ्यासात घालवले, असे वाचले. इतक्या लहान जीवात एवढे शोधण्यासारखे काय असते? आणि त्याचा उत्क्रांतीशी काय संबंध?

उत्तर : विल्सन (१९२९–२०२१) कीटकांकडे वळले, त्याला बालपणीचा एक अपघात कारण झाला. सातव्या वर्षी मासा पकडताना त्याचा काटा लागून त्यांचा उजवा डोळा अधू झाला आणि पुढे उंच पट्टीतले आवाजही ऐकू येईनासे झाले. त्यामुळे पक्षी आणि बेडूक यांचा अभ्यास दुरावला. डाव्या डोळ्याला मात्र जवळचे बारकावे फार स्पष्ट दिसत, म्हणून चिमटीत धरून पाहता येणारे जीव त्यांनी जवळ केले.

माझ्या मते त्यांचे सर्वांत देखणे काम १९५०च्या दशकाच्या अखेरचे आहे. अन्न सापडलेली मुंगी परतताना नांगीचे टोक जमिनीला टेकवत वाट आखते. पण वाटेचा गंध शरीरातल्या कोणत्या अवयवातून येतो, हा प्रश्न होता. विल्सन यांनी फायर अँट जातीच्या मुंगीच्या पोटातले अवयव सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून सोडवले, चिरडले आणि प्रत्येकाच्या रसाची रेषा वसाहतीपासून दूर जाईल अशी काचेवर ओढली. आतड्याचा शेवटचा भाग, विषग्रंथी, मेद यांपैकी कशालाही मुंग्यांनी दाद दिली नाही. नांगीच्या मुळाशी असलेल्या इवल्याशा ड्यूफोर ग्रंथीची रेषा ओढताच मात्र डझनावारी मुंग्या बाहेर पडल्या आणि रेषा संपली तेथे जाऊन घुटमळू लागल्या. म्हणजे तो गंध नुसता मार्गदर्शक नव्हता, बाहेर पडण्याचे बोलावणेही त्यातच होते. त्याच सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की मेलेली मुंगी ‘मेलेली’ म्हणून ओळखली जाते ती मुख्यतः ओलेइक आम्लासारख्या द्रव्यांमुळे. ते आम्ल लावलेल्या धडधाकट मुंगीलाही तिच्या बहिणी उचलून कचऱ्याच्या ढिगावर टाकून येत, आणि स्वतःला स्वच्छ करेपर्यंत तिची सुटका नसे.

उत्क्रांतीचा धागा इथूनच पुढे जातो. न्यू जर्सीत सापडलेल्या, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरातल्या (दगडासारख्या घट्ट झालेल्या झाडाच्या राळेतल्या) मुंगीचे वर्णन विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९६७मध्ये केले. तिचे जबडे गांधीलमाशीसारखे आखूड होते, पण धडावरची ग्रंथी मुंगीची होती. मुंग्या गांधीलमाश्यांसारख्या पूर्वजांपासून आल्या, या तर्काला त्यामुळे प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

सर्वांत अवघड प्रश्न होता तो कामकरी मुंगीचा : स्वतःची पिल्ले न वाढवता ती राणीची पिल्ले का वाढवते? ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४मध्ये नात्यावर आधारलेले उत्तर मांडले. मुंग्यांत नर अफलित अंड्यातून जन्मतो, त्यामुळे एकाच आईबापांच्या सख्ख्या बहिणींत सरासरी तीन-चतुर्थांश जनुके समान असतात, आणि बहिणी वाढवण्यातही स्वतःच्या जनुकांचा वारसा पुढे जातो. हा विचार सर्वदूर पोचवण्यात विल्सन यांचा मोठा वाटा होता. तरीही २०१०मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनीच नात्याचे हे स्पष्टीकरण अपुरे ठरवले, आणि पुढच्याच वर्षी १३७ शास्त्रज्ञांनी सह्या करून त्यांच्या भूमिकेला विरोध नोंदवला. मला विरोधकांची बाजू अधिक भक्कम वाटते. पण आपणच उचलून धरलेले मत ऐंशी ओलांडल्यावर पुन्हा तपासायला घेणाऱ्या या माणसाविषयीचा माझा आदर त्यामुळे वाढलाच आहे.