वाचक विचारतात: मुलांना माया लावायची, पण सरांचं कोण बघणार?

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. मध्यंतरी केंद्रावर समानुभूतीचं ट्रेनिंग झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या एका सरांनी चौथीतल्या पोराला अख्ख्या वर्गासमोर असं काही सुनावलं की पोरगं शाळेतच यायचं बंद झालं. सर वाईट नाहीत हो, पण वैतागलेत, वर्ग सांभाळून बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम, शिवाय ऑनलाइन माहिती भरायची. झापू की समजावू?
— एक मुख्याध्यापिका, बीड जिल्हा

मॅडम, आधी पोराचं बघा. सरांना घेऊन त्याच्या घरी जा आणि त्याला घेऊन या. मग सरांनी सॉरी म्हणायचं ते वर्गासमोरच, कारण इज्जत तिथेच गेलीय, ऑफिसमध्ये बोलावून डोक्यावर हात फिरवला की भागत नाही. आणि "बोललंच तर आहे, मारलं कुठे" असं कुणी स्टाफरूममध्ये म्हटलं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ दाखवा, त्यात अंगावर हात टाकण्याइतकाच मानसिक छळालाही मज्जाव आहे.

आता सर. त्यांच्याशी बोला पण एकट्याशी, मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत नको, नाहीतर त्यांनी पोराचं जे केलं तेच तुम्ही त्यांचं केलं. "असं का वागलात" ने सुरुवात केली की माणूस लगेच वकिली करायला लागतो, त्यापेक्षा "त्या दिवशी सकाळपासून काय काय चाललं होतं" असं विचारा. बहुतेक वेळा निघतं ते असं की रात्री उशिरापर्यंत याद्या, सकाळी वरून 'तातडीने आजच पाठवा' असा मेसेज, नेट नाही, त्यात खिचडीचा तांदूळ मोजायचा, आणि मग वर्गात कुणीतरी वही आणली नाही. वहीचं निमित्त होतं.

माझं स्पष्ट मत आहे की दमलेल्या माणसाला करुणेचं ट्रेनिंग देणं म्हणजे त्याला आणखी एक काम लावणं. त्याचं ओझं थोडं तरी हललं पाहिजे आणि ते हलवणं बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे. म्हणजे कायद्याचं कलम २७ शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं लावू नका म्हणतं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून, त्यामुळे बीएलओला नाही म्हणता येत नाही, ते धरूनच चाला. पण ज्याच्याकडे याद्या आहेत त्याच्याच गळ्यात पोषण आहाराचं रजिस्टर आणि स्पर्धापरीक्षेचे फॉर्म कशाला? वाटून द्या. वरचे मेसेज जसेच्या तसे ग्रुपवर ढकलू नका, आधी तुम्ही वाचा, खरंच आजचं आहे का बघा, आणि संध्याकाळनंतर ग्रुप शांत ठेवा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वीसेक मिनिटं सगळे बसा, परिपत्रक नाही, वही नाही, फक्त एका मुलाबद्दल बोलायचं, त्याच्या घरी काय चाललंय, तो कशाने खुलतो. तक्रार सुरू झाली की विषय बदला. हे पहिल्यांदा फार ऑकवर्ड होतं, चहा ठेवा.

सरांची झोप उडाली असेल, घरीही चिडचिड असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि देताना "तुम्हाला गरज आहे" असं नको, स्टाफरूममध्ये सगळ्यांसाठीच लावा.

माझ्या वर्गात ऊसतोडीला गेलेली एक मुलगी गुढीपाडव्याच्या सुमारास परत आली. बाकीची पोरं हसतात, ती तासाला झोपते. मी नवीन आहे, काय करू?
— एक शिक्षिका

झोपू दे की थोडं! कारखाना चालू असताना कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, पहाटे उठून लहान भावंडं सांभाळणारी पोर आहे ती, सवय एका आठवड्यात जात नाही. तिची जागा आधी कुठे होती तिथेच बसवा. कृपा करून "सांग बाळा तिकडे काय काय पाहिलंस" असं उभं करून विचारू नका, तिला सांगायचं असेल तर ती डबा खाताना सांगेल. 'बिचारी' हा शब्द वर्गात उच्चारायचाच नाही, पोरं तो लगेच उचलतात. हसणाऱ्यांना भाषण देण्यापेक्षा त्यातल्याच एका बडबड्या पोरीला मागचा अभ्यास दाखवायच्या कामाला लावा. आणि पुढच्या वर्षीचं आत्ताच धरा: दसरा-दिवाळीत टोळ्या निघायच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीत हंगामी वसतिगृहाचा विषय काढा, आजी गावात असेल तर तिच्याशीही बोला. मुलगी गावातच राहिली तर निम्मे प्रश्न उभेच राहत नाहीत.

दिल्लीसारखा आनंदाचा वेगळा तास आपल्याकडे ठेवला तर?
— एक पालक, पुणे

दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीला तो सुरू झाला, शांत बसणं, गोष्टी, गप्पा, आणि मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे त्याला परीक्षा नव्हती. आपल्याकडे मूल्यवर्धन या मूल्यशिक्षणाच्या कार्यक्रमाचे उपक्रमही बऱ्याच शाळांत झालेत. ठेवा की तास, पण तो गणिताच्या राहिलेल्या धड्याला दिला जाणार नाही एवढं पालकसभेत वदवून घ्या, आणि पुढच्या सभेला मार्कांआधी त्या तासाबद्दल विचारा.