खर्चीची वही आधी वाच

प्रिय,

तुझं पेणकडचं फुटेज नीट पाहिलं. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी आदिवासींच्या वाडीतली माणसं कॅमेऱ्यासमोर इतकी मोकळी बोलतात, याचा अर्थ तू त्यांच्यात वेळ घालवलास. ते दिसतं. पण सगळं पाहून झाल्यावर मला एवढंच कळलं की ही माणसं गरीब आहेत. त्यांच्या कष्टाचा पैसा जातो कुठे, ते कळलं नाही. फाटकी ताडपत्री, चुलीचा धूर, उघडी पोरं यांवर डॉक्युमेंटरी उभी राहत नाही, आणि वाडीतल्या माणसांना त्यात नवं काहीच नाही.

उचलीपासून, म्हणजे कामाआधी दिलेल्या आगाऊ पैशापासून, सुरुवात कर. पावसात हाताला काम कमी, गणपतीच्या सुमारास घरात पैसा नाही, अशा वेळी भट्टीवाला किंवा त्याचा मुकादम जोडीला, म्हणजे नवराबायकोला मिळून, रोख उचल देतो. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीवर जातात आणि पोरांची शाळा तिथेच सुटते. मजुरी हजार विटांवर ठरते, पण हंगामभर हातात पडते ती फक्त आठवड्याची खर्ची, म्हणजे घरखर्चापुरते पैसे. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो: थापलेल्या विटांचे पैसे, त्यातून खर्ची वजा, उचल वजा. अंगावर बाकी राहिली की पुढच्या हंगामाला पुन्हा तीच भट्टी. उचल फिटेपर्यंत माणसाला दुसरीकडे कामाला जाता येत नसेल, तर 1976 च्या कायद्याने ती वेठबिगारी आहे. हे तुझ्या फिल्ममध्ये कुणीतरी स्पष्ट म्हणायला हवं.

म्हणून हा हिशेब जिच्यात लिहितात ती खर्चीची वही बघायला मिळते का पाहा. वरती उचलीचा आकडा, खाली बाजाराच्या दिवशी दिलेली खर्ची, शेजारी अंगठा. त्या पानावर कॅमेरा सावकाश फिरू दे. विटा कोण मोजतं, अवकाळी पावसात कच्च्या विटा विरघळल्या तर नुकसान कुणाच्या नावावर पडतं, विटा उलटणाऱ्या पोरांची मजुरी कुठल्या रकान्यात जाते, हे विचार. भट्टीमालकालाही विचार. त्याला खलनायक करू नकोस. त्याचा हिशेब त्याच्याच तोंडून येऊ दे.

दुसरा कागद सातबारा. अनेक वाड्यांच्या घरांखालची जमीन आजही दुसऱ्याच्या नावावर आहे. अलिबागजवळ चरी गावच्या कुळांनी 1933 ते 1939 खोतांविरुद्ध, म्हणजे गावच्या जमीनदारांविरुद्ध, संप केला, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. पुढे खोती गेली, कुळकायदा आला. दफ्तरी कुळ म्हणून ज्याचं नाव लागलं त्याला जमीन मिळाली. रोजाने राबणाऱ्याचं नाव लागणार कुठे? आता तिथे बंगल्यांसाठी जमिनी विकल्या जातात, तेव्हा पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या वाडीला कुणी विचारत नाही. तलाठी कार्यालयात एक दिवस काढ.

संमतीचं मात्र फार जपून. न वाचता येणाऱ्या कागदांवर अंगठे देऊनच ही माणसं अडकली आहेत, तेव्हा तुझा फॉर्मही तसाच पुढे सरकवू नकोस. वाडीतल्याच कुणाकडून तो त्यांना त्यांच्या बोलीत समजावून दे, शूट केलेलं दाखव, आणि मग विचार. ज्या बाईने मुकादमाबद्दल सांगितलं, तिचा चेहरा धूसर करून भागणार नाही. तिचा आवाज सगळी भट्टी ओळखते, आणि पुढच्या गणपतीला तिला त्याच्याकडेच उचल मागायची आहे. ती मुलाखत आत्ता बाजूला ठेव. तिची गोष्ट वहीतल्या आकड्यांतून सांगता येते.

हंगाम संपताना हिशेबाच्या दिवशी तिथे असायला हवं, त्यासाठी आधी अनेकदा नुसतं जाऊन बसावं लागेल, कॅमेरा न काढता. पहिला कट वाडीवर दाखव. ते जे काढ म्हणतील ते काढ, मग मला पाठव.