मेलेल्या जंतूचा ताप

जिवाणूच्या पृष्ठभागावरील शर्करा लसीचा जोर कसा वाढवते आणि जिवाणू मेल्यावर त्यात असे काय उरते, असा आपला प्रश्न आहे. त्यातला दुसरा भाग मला एका वरिष्ठांनी विचारला होता, तोही मला गप्प करण्यासाठी.

२००९ च्या मेअखेरीस सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका वस्तीवर मी जनावरांना घटसर्पाची, म्हणजे गुरांच्या एका जिवाणूजन्य रोगाची, मृत जिवाणूंची लस टोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथील तात्यांनी बोलावून घेतले. त्यांची पंढरपुरी म्हैस वैरणीला तोंड न लावता उभी होती, मानेवर टोचल्या जागी लिंबाएवढी गाठ आली होती आणि थर्मामीटर १०४ दाखवत होता. एरवी सकाळच्या धारेला चार लिटर देणाऱ्या म्हशीने जेमतेम दोन लिटर दिले होते. ती अर्धी चरवी तात्यांनी मला दाखवण्यासाठी तशीच ठेवली होती. म्हैस तीन दिवसांत सावरली, पण उरलेल्या वस्तीने लस नाकारली.

जिवाणू मेला तरी त्याच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे चरबीसारख्या बुडाला शर्करेची लांब साखळी जोडलेला रेणू, शिल्लक राहते आणि हा ताप त्याचाच असावा, असे मी अहवालात लिहिले. "मेलेल्या जंतूचा कुठे ताप येतो का? शीतपेटीत बर्फ नीट नव्हता असे लिहा," असे साहेबांनी सुनावले, आणि मी तसे लिहिले.

साहेबांचे म्हणणे साफ चूक होते. लस बनवताना फॉर्मेलिनने जिवाणू मरतो, हा रेणू नाहीसा होत नाही. पांढऱ्या पेशींवरील टीएलआर-४ हा ग्राहक त्याला ओळखतो, हे शास्त्रज्ञ ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ मध्येच दाखवले होते. ओळख पटली की पेशी सायटोकाइन ही इशारा देणारी प्रथिने सोडतात. त्यांनीच ताप चढतो आणि त्याच इशाऱ्यावर लसीतील प्रतिजन (शरीराने ओळखायचा जंतूचा अंश) लसिका ग्रंथींतील टी-पेशी या संरक्षक पेशींपुढे नीट मांडले जाते. त्रिगुणी लसीतील डांग्या खोकल्याचे मृत जिवाणू बाळाला ताप आणतात, पण घटसर्प (माणसांतला, गुरांच्या घटसर्पाहून वेगळा रोग) आणि धनुर्वात या दोन्ही घटकांचा परिणामही वाढवतात. याच रेणूचा सौम्य केलेला भाग, एमपीएल, साल्मोनेला मिनेसोटा या जिवाणूपासून मिळवून सर्व्हेरिक्स (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) आणि शिंग्रिक्स (नागिणीविरुद्धची) या लसींत वापरला आहे.

मात्र हा जोर लांब शर्करासाखळीत नसून तिच्या बुडाशी असलेल्या लिपिड-ए या चरबीसारख्या भागात असतो. त्याचाही पाया ग्लुकोसामाइन या शर्करेच्या दोन रेणूंचा, म्हणून 'शर्करा' हा आपला शब्द अगदीच चुकीचा नाही. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूच्या कवचातील नुसत्या शर्करेला दोन वर्षांखालील मूल फारशी दाद देत नाही, म्हणून ती प्रथिनाला जोडावी लागते. शिवाय त्या म्हशीच्या गाठीत आणि तापात लसीत मिसळलेल्या तेलाचाही वाटा असू शकेल. मी काही मोजमाप केलेले नव्हते.

आपण या क्षेत्रात असाल, तर ताप येईल आणि दूध आटेल हे मालकाला सुई टोचण्याआधीच सांगा. अहवालाला शीतपेटीच्या तापमानाची नोंदही जोडा. माझ्याकडे ती होती, मी जोडली नाही.