पट्टी सेव्ह होते, पण ओळींमध्ये पट्टीचा आयडी का जात नाही?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानासाठी जावा आणि हायबरनेटमध्ये (जावातला डेटा टेबलांत ठेवणारी लायब्ररी) प्रोग्रॅम लिहितोयस. पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा शेतकऱ्याला दिलेला हिशेब, सेव्ह होते, तिच्या ओळीही टेबलात जातात, पण त्यांच्या ‘पट्टी_आयडी’ कॉलममध्ये नल, म्हणजे काहीच नाही. एरर कुठेच नाही. आणि कुणीतरी सांगितलंय की पट्टी-ओळींच्या नात्यावरचं मॅप्डबाय काढून टाक, चालेल.

मॅप्डबाय काढू नकोस, भावा. नुसतं काढलंस तर हायबरनेट पट्टी आणि ओळींच्या टेबलांमध्ये तिसरंच जोड-टेबल मागेल आणि दुकानाच्या जुन्या टेबलांशी तुझा मेळ कायमचा तुटेल.

कारण समजायला कागदी पट्टी डोळ्यांसमोर आण. वर शेतकऱ्याचं नाव, गाव, तारीख. खाली ओळ: ३० किलोचे ४२ रवे (गुळाच्या ढेपा), १२.६० क्विंटल, दर समज ४,१५०, रक्कम ५२,२९०. मग हमाली, तोलाई वजा. कागदावर ओळ पट्टीच्या पोटात असते, म्हणून जावातही आपण पट्टीच्या लिस्टमध्ये ओळ घालतो आणि काम झालं असं धरतो. टेबलात नेमकं उलटं आहे. पट्टीच्या टेबलाला आपल्या ओळींचा पत्ताही नसतो. प्रत्येक ओळच आपल्या पट्टीचा नंबर बाळगते. फॉरेन की (दुसऱ्या टेबलाचा आयडी बाळगणारा कॉलम) ज्याच्याकडे, नात्याची मालकी त्याच्याकडे. वनटूमेनीवर (एक पट्टी, अनेक ओळी) मॅप्डबाय लिहिणं म्हणजे हायबरनेटला सांगणं की मालक इकडे नाही, ओळीच्या क्लासमधलं ‘पट्टी’ फील्ड बघ. मग लिहिताना ते तेवढंच बघतं. तू लिस्टमध्ये ओळ घातलीस, कॅस्केडमुळे (पट्टीबरोबर ओळीही सेव्ह कर, ही सूचना) ती इन्सर्टही झाली, पण ओळीच्या ‘पट्टी’ फील्डमध्ये काही ठेवलंच नाहीस. तिथे नल होता, तोच टेबलात गेला.

उपाय कोडच्या दोन ओळींचा आहे. पट्टीच्या क्लासमध्ये ‘ओळजोडा’ अशी एक मेथड कर: आलेली ओळ लिस्टमध्ये घाल आणि त्याच दमात तिच्यावर सेटपट्टी करून धिस, म्हणजे तीच पट्टी, दे. बाहेरच्या कोडला लिस्ट थेट हातात देऊ नकोस, म्हणजे दुसऱ्या वाटेने कुणी ओळ घुसवणार नाही. आणि जुने नल भरून झाले की (ते शेवटी सांगतो) डेटाबेसमध्ये तो कॉलम नॉट नल कर, ओळीच्या ‘पट्टी’ फील्डवरच्या मॅनीटूवनवर ऑप्शनल फॉल्स लिही. तुझी चूक इतके दिवस गप्प बसली ती कॉलमने नल चालवून घेतला म्हणून.

तुझ्या कोडमध्ये आणखी एक गोष्ट दिसली, ती नलपेक्षा जास्त धोक्याची आहे. गुळाची प्रत तू एनम (ठरलेल्या नावांची यादी) केली आहेस आणि त्यावर एन्युमरेटेड काहीच लिहिलेलं नाही. न लिहिल्यास जेपीए (हायबरनेट पाळतं ते जावाचं मानक) ऑर्डिनल धरतं, म्हणजे नाव नाही, क्रमांक साठवतं: पहिल्याला ०, दुसऱ्याला १. मी हेच केलं होतं. एका व्यापाऱ्याकडे एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असा एनम होता. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याआधी ‘स्पेशल’ प्रत हवी म्हणाले, मी ती सगळ्यात वर घातली. कंपाईल झालं, चाललं. आणि जुन्या हंगामाच्या सगळ्या पट्ट्या एकेक पायरी वर सरकल्या: दोन नंबरचा गूळ एक नंबर दिसायला लागला. एक शेतकरी मागच्या वर्षीची कागदी पट्टी घेऊन दुकानात आला, तेव्हा ते कळलं. त्याचा कागद खरा होता, आमचा संगणक खोटा. तो दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून आजच एन्युमरेटेडला स्ट्रिंग दे. दुकानात प्रतीचे स्वतःचे कोड असतील तर अॅट्रिब्यूट कन्व्हर्टर (एनम आणि साठवलेला कोड यांची अदलाबदल करणारा क्लास) लिही, ते त्याहून पक्कं. मग एनममधलं नाव बदललं तरी साठवलेला डेटा हलत नाही. मात्र बदलण्याआधी जुने क्रमांक त्यांच्या नावांत फिरवून घे.

रकमेला डबल (अंदाजे दशांश) नको, बिगडेसिमल (नेमके दशांश). कॉलमवरचे प्रिसिजन आणि स्केल फक्त टेबल तयार करताना उपयोगी पडतात, जावातली रक्कम ते गोल करत नाहीत. ते सेटस्केलने तूच करायचं, आणि तुलना इक्वल्सने नको, कंपेअरटूने, इक्वल्सला १०.० आणि १०.०० वेगळे वाटतात.

‘PattiNo’ सारखा जोडून लिहिलेला कॉलम सापडत नाही म्हणतोस, तो स्प्रिंग बूटचा (तुझा प्रोग्रॅम ज्यावर उभा आहे त्या फ्रेमवर्कचा) प्रकार. इंग्रजी मोठ्या अक्षराआधी अंडरस्कोअर घालून सगळं नाव ते लहान अक्षरांत करतं, तू कॉलमचं नाव स्वतः लिहिलंस तरीही. जुनी टेबलं आहेत, तेव्हा फिजिकल नेमिंग स्ट्रॅटेजी स्टँडर्ड (नाव आहे तसंच वापरणारी) ठेव. आणि डीडीएल-ऑटो अपडेटवरून (टेबलं बदलणं) व्हॅलिडेटवर (नुसती तपासणं) आण. दुसऱ्याच्या चालू टेबलांना प्रोग्रॅमने हात लावू नये.

मॅनीटूवन मुळात ईगर असतं (जोडलेली माहिती लगेच आणतं), ते लेझी (लागेल तेव्हाच आणणारं) कर. नाहीतर ३०० पट्ट्यांची यादी काढताना शेतकऱ्यांसाठी वेगळ्या क्वेऱ्यांची रांग लागते. यादीपुरतं जॉइन फेच (एकाच क्वेरीत पट्टी आणि शेतकरी दोन्ही आणणं) वापर.

आता ज्या ओळी नल घेऊन पडल्यात त्या पुसू नकोस. आधी बॅकअप, मग किती आहेत ते मोज. आयडीच्या क्रमावरून कुठली ओळ कुठल्या पट्टीची याचा अंदाज बांधता येईल, पण अंदाजावर अपडेट चालवू नकोस. दुकानातलं पट्टीबुक मागून घे, दिवाणजींना शेजारी बसव आणि रवे, वजन, दर जुळला की मगच आयडी भर.